खैरपाड्याचा हिस्सा

३ फेब्रुवारी, सोमवार
लागला! एकच टॉवर आणि तिन्ही मोबाइल कंपन्या त्यावर! पाच वर्षं एकच ऐकतेय — "मॅडम, खैरपाड्यात गिऱ्हाईकं कितीशी? टॉवर परवडत नाही." एकट्याला नाहीच परवडत! म्हणून टॉवर आमच्या संस्थेचा, आणि त्याची एका वेळी फोन पेलण्याची ताकद उघड्या बाजारात. दर पंधरा मिनिटांनी बोली; लांब मुदतीचीही चालते. ज्याला जेवढी हवी तेवढी घ्या. पाड्यासाठी एक हिस्सा राखीव, पण तो रिकामा दिसला की तोही विक्रीला. खाली हायवेवर ट्रक अडकले की सगळ्यांना तिथेच हवी असते.

चौदाला कंपन्यांची बैठक. चाचणी पास झाली की डहाणू-तलासरीतल्या आणखी अकरा पाड्यांना असेच टॉवर. होणारच. मी केलंय म्हणजे काय!

६ फेब्रुवारी
आकडे झकास. पाड्याचा वापर मात्र दिवसाला नऊ मिनिटं! कंपन्यांच्या वतीने हे काम रविंद्र बघतो, तो फोनवर म्हणाला, "निलम, तुझ्या गावात लोक बोलतच नाहीत का गं?" मीही हसले.

७ फेब्रुवारी
सकाळी नियम आणखी कडक केला. पाड्याचा हिस्सा पडून दिसला की लगेच विकायचा. वाया काही जाता कामा नये.

९ फेब्रुवारी, रविवार
घरी गेले. लाडकीआत्या — आमच्या पाड्याची आशाताई, म्हणजे आरोग्यसेविका — चहा ठेवून पाठ फिरवून बसली. मग एकदम, "तुझ्या टॉवरपायी विनोदची जीप आली नाय."

आमच्याकडे फोन उचलत नाहीत. एक मिस कॉल: कामाला माणसं पाठवा. तीन मिस कॉल: बाई अडलीय, जीप आण. जीपवाल्या विनोदनं उचलायचं नसतं, निघायचं असतं. बॅलन्स वाचतो. अगं बाई, मी याच घरात वाढले! हॉस्टेलला पोचले की आईला मीच मिस कॉल द्यायचे!

आणि माझ्या मोजणीत न उचललेला फोन म्हणजे वापर शून्य. शून्य, म्हणून हिस्सा रिकामा. रिकामा, म्हणून विकला. शुक्रवारी संध्याकाळी हायवे तुंबला होता. आत्या फोन लावत राहिली, एकदाही लागला नाही. पूर्वी खडकावर चढून का होईना, दूरच्या टॉवरवरून लागायचा तरी; आता फोन आधी आमचाच टॉवर धरतात. अडलेल्या काळीला झोळीत घालून चौघं डोंगर उतरले. वाटेतच बाळंत झाली.

दोघं वाचली. मूर्ख आहे मी. शुद्ध मूर्ख.

१० फेब्रुवारी
मोजणी सुधारली. आता वाजलेली रिंगही वापरात धरते. रविंद्र भडकला. "रिंगला पैसे लागत नाहीत, मग कुठली कंपनी त्या हिश्श्यावर बोली लावेल? चौदापर्यंत गप्प बस. अकरा पाड्यांचा विचार कर." त्यांचाच करतेय. तिथेही असंच व्हायचं?

१२ फेब्रुवारी
पाड्यात सगळ्यांना बसवून चूक सांगितली. हिरूकाका पाड्यातले सगळ्यात वडीलधारे. तंबाखू मळता मळता म्हणाले, "बाजार उघडा हाय म्हणतेस. कोणीपण घ्यावं?"
"हो काका."
"कोणीपण?"
"हो!"
"बरं." उठून गेले की!

१४ फेब्रुवारी
बैठकीत काही लपवलं नाही. रविंद्र डोकं धरून बसला. पडद्यावर तीन कंपन्यांच्या तीन बोल्या, आणि त्यांच्याखाली चौथी — खैरपाडा महिला बचत गट. पाड्याचा अख्खा हिस्सा, वर्षभर. वापर असो-नसो, परत विकायचा नाही. सही लाडकीआत्याची. "हे चालतं का?" कुणीतरी विचारलं. चालतं. कोणीपण घ्यावं — नियम मीच लिहिलेत.