चौकट माझी, फोकस तिचा

११ ऑगस्ट १९९६, रविवार
कॅमेरा काढला! बावीस वर्षांनी! रजयांच्या खाली पडला होता. ध्रुव झाला तेव्हा ठेवून दिला, तो तसाच. आता ध्रुव पुण्यात, रेल्वेची नोकरी संपली, वेळच वेळ. मग अडतंय काय?
"गुडघे," सुनंदा म्हणाली.
बायको नव्हे, ऑडिटर आहे.

१३ ऑगस्ट
अकोट्याच्या बाजूला, नदीकाठच्या बाभळीवर सुगरणींची वस्ती. घरटी मोजली, एकोणीस. नर विणतो, मादी येऊन पाहणी करते, पसंत नाही पडलं की उडून जाते. तो बिचारा दुसरं विणायला घेतो. घरी येऊन सुनंदाला सांगितलं. "शहाणी आहे," एवढंच म्हणाली.
निसर्गमंडळाच्या तात्यासाहेबांना शब्द देऊन बसलोय – ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताहाचं प्रदर्शन, त्यात माझे बारा फोटो. ऑफिस सुटल्यापासून कुणी माझ्याकडे काही मागितलं ते हे पहिलंच. फसून चालणार नाही.

२१ ऑगस्ट
पहिला रोल धुऊन आला. स्टुडिओतल्या भरतभाईंनी पाकीट हळूच पुढे सरकवलं. "काका, धुम्मस हतुं?"
ऑगस्टात कसलं धुकं! पण छत्तीसच्या छत्तीस अंधुक. दोष लेन्सचा. बुरशी धरली असणार.

२८ ऑगस्ट
लेन्स साफ करून घेतली. दुसरा रोलही तसाच. दोष वाऱ्याचा, फांद्या हलतात.
सुनंदा म्हणते, "यापुढे दोष माझाच निघेल. त्यापेक्षा बरोबरच येते."

१ सप्टेंबर, रविवार
आली. थर्मास, छत्री, ठेपले. दर दोन मिनिटांनी "काढला का?"
मी छान फोकस लावला आणि ऐटीत तिला म्हटलं, बघ, पीस न् पीस दिसतंय. तिनं डोळा लावला. "अहो, हे तर सगळं पुसट आहे!" रिंग फिरवली. "हां, आता चोच दिसली." मी पाहिलं. मला पुसट.
तिनं तिथंच पदरानं माझा डावा डोळा झाकला आणि पलीकडच्या काठाकडे बोट केलं.
"किती?"
"काय किती?"
"म्हशी."
मी म्हटलं, एक. तीन होत्या.
आणि जन्मभर कॅमेऱ्याला लावत आलो तो उजवाच डोळा!

३ सप्टेंबर
मोतीबिंदू. डॉक्टर म्हणतात, अजून पिकू दे, दिवाळीनंतर थंडीत करू. डावा डोळा लावून पाहिला – नाक मधे येतं, पक्षी चौकटीत सापडतच नाही. बारा फोटोंचा शब्द गेलाय. भीती वाटते. ऑपरेशनची नाही, तात्यासाहेबांना "जमत नाही" म्हणायची.

१० सप्टेंबर
तोड निघाली. कॅमेरा तिपाईवर. चौकट मी ठरवायची, फोकस तिनं लावायचा, ती "आता!" म्हणाली की मी बटण दाबायचं. आज मी "थांब, थांब" म्हणतोय तोवर बाईसाहेबांनी स्वतःच दाबलं! भांडलो. आमच्या आवाजानं सगळी वस्ती उडाली.

१८ सप्टेंबर
भरतभाई "वाह काका!" म्हणाले. सगळे लख्ख. सगळ्यांत सुंदर – मादी घरट्याला लटकून आत डोकावतेय, नर शेजारी पंख पसरून केविलवाणा. हा तिनं दाबलेला. आणि चौकटही तिनं जराशी हलवलेली दिसते. तिला म्हटलं, बरा आलाय.

५ ऑक्टोबर, शनिवार
प्रदर्शन झालं. त्या फोटोपुढे गर्दी. "आ उंमरे आवी नजर!" लोक म्हणत होते. या वयात अशी नजर, म्हणे! तात्यासाहेबांनी माईकवर बोलावलं, विचारलं, हा क्षण कसा पकडलात? मी म्हणालो, "धीर धरावा लागतो." टाळ्या! सुनंदा पुढच्याच रांगेत बसली होती.
रिक्षात म्हटलं, "तुझं नाव घ्यायचं राहिलंच."
"राहू दे. मला काही वाटलं नाही."
टोमणासुद्धा नाही! जेवतानाही नाही. मला लाज वाटते. नाव राहिलं नव्हतं. जिभेवर आलं होतं, मीच गिळलं. त्या टाळ्यांत मला वाटेकरी नको होता. हे तिला सांगायलाच हवं.

१२ ऑक्टोबर
सांगितलं नाही.

३ नोव्हेंबर
आज सांगणारच होतो. ती फराळाची भाजणी घेऊन बसली होती. मी डबे काढून दिले.

२० नोव्हेंबर, बुधवार
ऑपरेशन झालं. ठीक आहे.
एवढंच लिही म्हणाले. त्यांच्या डोळ्याला पट्टी, म्हणून हे अक्षर माझं, सुनंदाचं. कोरं पान शोधताना मागची वाचली. सगळी. ते आता झोपलेत.
रिक्षात मी खोटं बोलले. वाटलं होतं. फार वाटलं होतं.
नवा रोल घातलाय. उद्या सकाळी नदीवर एकटी जाणार. त्यांना सांगितलेलं नाही. पट्टी सुटली की वाचतील.