ओलं पोतं

२ मार्च
आज परत निळा रंग मारला. गाजरांचा हा ढीग! वाकडी म्हणून बाद. भाजीच्या शेडमध्ये माझं काम हेच — बाद मालावर निळं पाणी फवारायचं, म्हणजे कुणी उचलून विकू नये. नखंसुद्धा निळी झालीत. आई फोनवर म्हणते, "भाजीच्या कामावर आहेस, पोटभर खात असशील." म्हटलं, हो. आणि खोलीवर येऊन चहात पाव बुडवला.

५ मार्च
शिलाईवाल्या मावशीने गल्लीला बोलावलं. मशीन भिंतीला सरकवलं, बसायला जागा केली. कोपऱ्यातल्या खोलीतली बाळंतीण नळावर चक्कर येऊन पडली म्हणून. वाटलं, वर्गणी काढणार. नाही! म्हणाली, "एक दिवस डबा देऊन काय होणार? सगळे राबतो, तरी अर्धपोटी का, ते आधी बोला."
टेम्पोवाला म्हणाला, "माझं कारण सोपं आहे, बायको माहेरी." हशा. मग हळूहळू निघायला लागलं. खोल्यांत स्टोव्ह पेटवू देत नाहीत. कामावरून सुटतो तर दुकानं बंद. चिमूट चिमूट घेतो म्हणून महाग पडतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं — आम्ही तर गाड्या भरभरून फेकतो.
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशी म्हणाली, "मग इतके दिवस तोंडात काय गुळणी धरली होतीस?"

११ मार्च
मावशी थेट शेडवर! मुकादम आधी गुरगुरला, मग पाघळला. ठरलं असं — बाद मालातले चांगले क्रेट मी बाजूला लावायचे, वर ओलं पोतं टाकायचं. पोतं असेल त्याला रंग नाही. टेम्पोवाला परतताना घेऊन जाणार. तांदूळ-डाळ गल्लीने एकत्र आणायची. मावशीच्या मागच्या पत्र्याखाली एकच मोठं पातेलं. भाजी चिरायच्या पाळ्या लावल्या. मला मंगळवार. घरी कधी विळीला हात लावला नाही, आणि इथे पाळी!

१९ मार्च
चांगलं चाललंय. बाळंतीण आता दारात उभी राहून बाळाला खेळवते. मला म्हणाली, "दादा, कालची गाजरं गोड होती हो." उगाच बूट पुसत बसलो.

२४ मार्च
पाळी चुकवली. लंबूबरोबर — माझा खोलीतला जोडीदार — दुसरीकडच्या कामाची चौकशी करायला गेलो होतो. एका जागी बूड टिकत नाही माझं, आई म्हणते ते खरं. मावशीने सगळ्यांसमोर झापलं. "खायला पुढे, चिरायला गायब!" लंबूही हसला. लागलं मनाला.

२७ मार्च
काय लिहू.
दुपारी मरणाचं ऊन. वर पत्रा तापलेला. क्रेटवरचं पोतं गारगार. मावशीचा राग डोक्यात होताच — म्हटलं, मी काय गल्लीचा गडी आहे? पोतं ओढलं, डोक्याखाली घेतलं, भिंतीआड पडलो. थोडाच वेळ, असं वाटलं होतं. फवाऱ्याच्या आवाजाने जाग आली. हाताखाली एक नवा माणूस दिलाय. त्याला पोतं दिसलं नाही, त्याने सगळं निळं करून टाकलं. त्याची काय चूक!
मी त्याच्यावरच ओरडत सुटलो. तो आरडाओरडा ऐकून मालक बाहेर आला. "हे कुणासाठी बाजूला काढलं होतं?" मुकादमाची मान खाली. झालं. सगळं बंद.
तोंड मिटून उभा राहिलो असतो तरी फक्त एका दिवसाची भाजी गेली असती.

२८ मार्च
मावशीला सांगितलं, पोतं मी काढलं. मशीन थांबलं. वाटलं, आता चप्पल काढते. म्हणाली, "झोप तरी लागली का?" एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.
पातेलं पालथं. बाळंतिणीच्या दारावरून जायला नको म्हणून मागून वळसा घालून गेलो.

३० मार्च
गल्ली उद्या मिळून मालकाकडे जाणार. रंगच बंद करा म्हणणार. मावशी मला म्हणाली, "तू पुढे राहा. आत काय चालतं ते तुला माहीत." मान हलवली. पण मालक आधी मलाच हाकलणार!

३१ मार्च
पहाटेची गाडी पकडली. लंबूला उठवलं नाही.

६ एप्रिल
लंबूचा फोन. आधी पोटभर शिव्या. मग म्हणाला, मालक ऐकतच नव्हता. रोज किती माल बाद होतो, असं त्याने विचारलं तर कुणाला सांगता येईना. सगळे तुला शोधत मागे बघायला लागले. शेवटी बाळंतीण बाळाला घेऊन पुढे झाली. काय बोलली ते धड ऐकूही आलं नाही, पण हलली नाही. आता चांगला माल रंग न मारता गल्लीला सुटतो.
विचारलं, "मावशी काय म्हणते?"
"मंगळवार कुणाला देत नाही. तुझी विळी रिकामी असते."
नुसतं उभं राहायचं होतं. तेवढंही जमलं नाही मला.

७ एप्रिल
मंगळवार. नव्या गावात, नव्या शेडवर पहिला दिवस. मुकादमाने हातात कॅन दिला. झाकण उघडलं — निळा!
विचारलं, "इथली माणसं जेवतात कुठे?" म्हणाला, "तुला काय करायचंय?"
कोपऱ्यात एक पोतं पडलं होतं. नळाखाली नेऊन धरलं.