पाचवा बोळा

उस्ताद, तुमच्या जीपचं इंजिन मी मुलीला उघडू दिलं. आधी हे सांगून टाकतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, जीप माझ्या दारात, कागदांवर माझं नाव, तरी बॉनेट उचलताना मी अजून मागे वळून बघतो.

मुलगी तळोज्याला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. जीप चढाला धापा टाकते म्हणून तिने नवा टर्बो आणला. साधा टर्बो आपण तुमच्या गॅरेजात लॉऱ्यांवर पाहिला होता. धुराच्या जोराने चाक फिरतं आणि इंजिनात जास्त हवा कोंबतं, एवढं मला कळतं. पण इंजिन हळू असलं की धूर थोडा, मग टर्बो झोपलेलाच. या नव्याच्या पोटात चाकाभोवती बारीक पाती आहेत आणि ती म्हणे मिटतात, उघडतात. मला काही उमजेना. ती म्हणाली, "बाबा, झाडांना पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबता ना? पाणी थोडं असलं तरी लांब उडतं. पाती मिटली की धूर तसाच जोरात जातो."

"मग तो अंगठा कुणाचा?"

"व्हॅक्यूमचा, हवा ओढणाऱ्या नळीचा. इंजिनच्या जोराप्रमाणे आपोआप दाबतो, आपोआप सुटतो."

आपोआप कसं, उस्ताद? आपण कानाने ठरवायचो, धुराचा रंग बघून ठरवायचो. मी परत विचारलं, परत विचारलं. शेवटी ओट्यावरून बायको म्हणाली, "तुमाला समजत नाय तर गप बसा. तिला करू द्या."

मी गप बसलो, पण एक काम मागून घेतलं. बोळे. लाल खारव्याच्या कापडाचे तुकडे फाडले आणि इंजिनचं जे जे तोंड उघडं पडलं त्यात एकेक कोंबला, म्हणजे नट-बोल्ट आत पडायला नको. "तोंड उघडं दिसलं की आधी बोळा, मग चहा," असं तुम्ही म्हणायचात. घालताना मोठ्याने मोजायचं, काढतानाही मोठ्याने. दोन महिन्यांचे सगळे रविवार तिने यात घातले. काल टर्बो बसला, पाइप आवळून झाले आणि तिने हात पुसत विचारलं, "बाबा, बोळे मोजले ना?"

"मोजले," मी म्हणालो.

ती चहाला आत गेली आणि मी फळीवर काढून ठेवलेले बोळे पाहिले. चार. मी पाच घातले होते. की चारच? एक आत राहिला असेल तर टर्बो तो ओढून घेईल, पाती मोडतील, तुकडे इंजिनात जातील. तिचे रविवार गेले, तुमचं इंजिन गेलं. आणि सांगावं तर ती म्हणेल, बाबांचं आता वय झालं, यांना जीपला हात लावू द्यायला नको. मी पायरीवर बसून बोटं मोजत राहिलो. प्रत्येक वेळी पाच यायचे.

तेव्हा मला तो खदानवाला आठवला. त्याची गाडी आपण दुरुस्त करून दिली आणि ती कर्नाळ्याच्या चढाला काळा धूर ओकत बंद पडली. खोललं तर हवेच्या पाइपात लाल बोळा. तो चारचौघांत तुम्हाला वाटेल ते बोलला. तुम्ही म्हणालात, "शेठ, माझ्या हातून राहिला." संध्याकाळी सगळे गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "काढताना मोजले होतेस ना रे?" मी हो म्हणालो. तुम्ही मान हलवलीत. "मग मीच एखादा जास्त घातला असेन. वय झालं." त्यानंतर तुम्ही प्रत्येक बोळा दोनदा मोजायला लागलात.

मुलगी चहा पिऊन आली आणि चावी लावायला बसली. मी म्हणालो, "थांब. मी मोजले नाहीत."

"आत्ता तर मोजले म्हणालात!"

"म्हणालो."

"किती घातले होते?"

"पाच. किंवा चार."

"बाबा!" तिने आईसारखे कमरेवर हात ठेवले. मग पाना घेतला आणि सगळं परत खोललं. टॉर्च लावून तिने प्रत्येक तोंडात पाहिलं. आत काही नव्हतं. "धुराचं, हवेचं, तेल येण्याचं, तेल परतीचं. तोंडंच चार आहेत," ती म्हणाली. "आता परत घाला आणि काढा. मोठ्याने."

मी मोठ्याने मोजले. चारच निघाले.

आज सकाळी आम्ही कर्नाळ्यापर्यंत गेलो. तोच चढ, उस्ताद. तिने गिअर बदलला नाही, जीप खालच्या आवाजातच वर गेली आणि आरशात धूर दिसला नाही. ती हसत होती. मी खिडकीची कड धरून बसलो होतो. तो अंगठा केव्हा दाबला गेला, केव्हा सुटला, मला काही कळलं नाही. आणि पाच कुठून आले, तेही अजून कळलेलं नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? जीपच्या कप्प्यात तुमचा पाना आहे, त्याखाली ठेवतो. सातवीपर्यंतच शिकलो, चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

तुमचं वय झालं नव्हतं, उस्ताद. मी मोजले नव्हते.