दोरीवाला

४ डिसेंबर

काहून हसून राहिले? बीए झालेल्या माणसानं मच्छीची गाडी चालवू नये, असं कोणत्या पुस्तकात आहे ते दाखवा. परीक्षा देऊन देऊन मी थकलो, तुम्ही नाही. हसा. मी लिहितो.

आज दुपारी माही बायको गुंजन आणि मी पिपरटोल्याले पोचलो. साकोलीहून आत, डांबर संपते त्याच्याही पुढं. मोठा तलाव, त्याची उंच पाळ, पाळीखाली ढिवरायची घरं. मच्छीमार सोसायटीनं दोन खोल्या देल्या, अंगणात शेवगा आहे. सकाळी निघालेली मच्छी बर्फात टाकाची आन पिकअपनं साकोलीच्या बाजारात पोचवाची, एवढंच काम. सोसायटीचे सचिव परसरामजी म्हणे, पगार कमी आहे बाबू, पण गाडी चोवीस घंटे तुह्या दारात. गुंजनले सातवा महिना सरून राहिला. इथून बस नाही. त्या गाडीच्या भरवशावरच तर आलो.

गाडी झकास आहे. नवा निळा रंग. सीटखालून जराशी चिखलाची वास येते, मच्छीगाडीले कोणती अत्तराची येईन?

७ डिसेंबर

आज एक पद्धत पाहिली. तलावात बुडालेल्या झाडायचे खुंट आहेत, त्यात जाळं अटकते. मंग एक जण कंबरेले दोरी बांधून खाली जाते आन दुसरा वर डोंग्यात, म्हणजे लाकडाच्या नावेत, दोरी धरून बसते. हा वरचा दोरीवाला. खालच्यानं बुडी मारली का हाही दम रोखते. याचा दम संपला म्हणजे त्याचाही संपला असन, असा हिशोब. मंग दोरीले हिसका देऊन वर ओढते. घड्याळ नाही, काही नाही.

मले हसू आलं. परसरामजीनं डोळे वटारले. म्हणे, इथं दम रोखते तो ओढतेच. उगाच खेळ म्हणून कोणी रोखत नाही.

११ डिसेंबर

गाडी लागत नाही. सेल्फ मारला का इंजन मस्त फिरते, घुर्र घुर्र, पण पकडत नाही. बॅटरी चांगली. टाकीत डिझेल आहे. सायलेन्सरातून धूर नाही, म्हणजे डिझेल इंजनापर्यंत पोचूनच नाही राहिलं. पाळीवरून उतारावर ढकलून पाहिली, सारे हाफले, गाडी नाही.

साकोलीहून पिंटू मिस्त्री आला. आल्या आल्या विचारते, भाऊ, डिझेल टाकलं ना? मंग थंडीचं कारण सांगून हिटर प्लग बदलले. फिल्टर बदलला. मंग म्हणे लाइनीत हवा शिरली. फिल्टरवरचा बोल्ट ढिल्ला करून हातपंप दाबत बसला. डिझेलसोबत बुडबुडे येतात, हवा निघाली का बंद होतात. हे बंद नाही झाले. मच्छी बायायनं टोपल्यात भरून सायकलीवर नेली, जाता जाता मले म्हणाल्या, साहेब, तुमची गाडी पुस्तक वाचून राहिली का?

१३ डिसेंबर

पिंटूनं साऱ्या पाइपा नव्या टाकल्या, वायसर नवे. हवा शिरासाठी जागाच नाही. तरी बुडबुडे. मी जवळून पाहत होतो. ते सारखे येत नाहीत. येतात, थांबतात, येतात. झोपलेल्या माणसाची छाती हालते तसे.

डिझेलची वास सहन होईना म्हणून मी जराक दम रोखला. बुडबुडे थांबले. पिंटूनं त्याच वेळी बोल्ट कसला आन सेल्फ मारला. गाडी लागली! पिंटूची कॉलर ताठ.

१८ डिसेंबर

आता रोजचंच झालं. सकाळी सीटवर बसतो, दम रोखतो, सेल्फ मारतो. लागते. मंग श्वास घेतो आन निघतो. दम न रोखता पाहिलं, नाही लागत. गुंजनले सांगतलं तर हसून हसून पोट धरलं तिनं. म्हणे, तुमच्या लेकाले अशीच गोष्ट सांगा, लवकर झोपन.

फक्त दर दिवशी थोडं जास्त रोखावं लागते.

२६ डिसेंबर

आज डोळ्यापुढं अंधारी आली तेव्हा कुठं लागली. माही पाठ ओली. सीटची पाठ सकाळी रोज ओली राहते, काचा बंद असल्या तरी. दव नाही. तलावाची वास.

परसरामजीले विचारलं. ते बराच वेळ बिडी शोधत बसले. मंग सांगतलं. माह्या आधी गाडीवर डोमा होता. मागच्या हिवाळ्यात गाडी पाळीवरून घसरली, डोमासकट तलावात. दार अटकलं. लोक पाळीवर उभे राहून क्रेन बोलवा, ट्रॅक्टर बोलवा करत राहिले. डोमा आतच मेला. मंग गाडी काढली, धुतली, इंजन खोललं, निळा रंग देला. मी विचारलं, मले कायले नाही सांगतलं? म्हणे, सांगतलं असतं तर आला असता का तू?

त्यायचंही बरोबर आहे. भांडाची ताकद नाही मले.

२ जानेवारी

लीलाबाई रोज सकाळी पाळीवरून माह्याकडं पाहते. डोमाची बायको. आज टोपली ठेवून गाडीजवळ आली. विचारते, बाबू, तू त्याच्यासाठी दम रोखतेस का? मी म्हणलं, नाही बाई, गाडी लागाले पायजे म्हणून. ती खालीच बसली.

म्हणे, त्या दिवशी साऱ्यायनं कल्ला केला, कोणी दम नाही रोखला. मीही नाही, मी तर बोंबलतच होती. तो अजून खाली आहे. तू रोज रोखतेस, त्याले वाटते वर दोरीवाला बसला. तो वर येते. आन तू सोडून देतेस. अर्ध्यातून वापस जाते तो. रोज. आपल्याइथं असं करत नाहीत रे बाबू, रोखला तर ओढावं लागते.

मी विचारलं, काय ओढू? ती उठली. टोपली उचलून गेली.

९ जानेवारी

दम रोखणं बंद केलं. गाडी उभी. पिंटू फोन उचलत नाही.

गुंजनचे पाय सुजले. सोळा तारखेले तिले अड्याळले तिच्या आईकडं नेतो, परसरामजी जीप बोलावणार आहेत. तेवढे दिवस निघाले का झालं.

बोल्ट खोलून पाहिलं. इंजन बंद. हातपंपाले हात नाही. तरी बुडबुडे. मी श्वास घेतला का येतात— मी सोडला का थांबतात—

मी हळू घेतला. त्यानंही हळू.

१२ जानेवारी

झोप नाही. छाती भरतच नाही पूर्ण. अर्ध्यातच कोणी घेऊन जाते. गुंजन म्हणते ओठ निळे दिसतात. थंडी आहे, म्हणलं.

१४ जानेवारी

सकाळीच गुंजनचं पाणी गेलं. सोळाच्या दोन दिवस आधी—

गावची आशाताई तपासून म्हणे, लेकरू आडवं आहे, इथं नाही होत, साकोली, लवकर. ॲम्बुलन्स दुसऱ्या पेशंटले घेऊन गेली, वेळ लागन. जीप नाही. ट्रॅक्टर धान घेऊन गेला.

सेल्फ मारला. घुर्र घुर्र. नाही.

दम रोखला. पडलो स्टेअरिंगवर. नाही. माहा दम पुरत नाही आता. तो फार खाली—

लीलाबाई दोरी घेऊन आली. विचारलं नाही, माह्या कंबरेले बांधून राहिली. म्हणे, तो तिथंच बसला होता जिथं तू बसतेस. तू सीटवरूनच खाली जा, त्याच्यापर्यंत. दम मी रोखते. मी ओढते.

बाया गुंजनले खाटेवर घेऊन येऊन राहिल्या. तेवढ्यात बोनटवर लिहितो.

ती माही कंबर सोडत नव्हती गाठ बांधताना. मले कळलं. दोरी एक, सीट एक. वर एकच येईन. ती कोणाले ओढन, मी विचारलं नाही. विचारलं तर खरं सांगन ती.

डोमाले गाडी येते. रस्ता माह्यापेक्षा चांगला येते. कोणीही वर आला तरी गुंजन पोचन.

आता हसा ना. काहून गप झाले?

नाही, काही बोलू नका. खाट आली. लीलाबाई बाजूले बसली, दोरी हाताले गुंडाळली. तिनं तोंड मिटलं. मीही—

जातो. सेल्फ मार—