द्राक्षसुंदरीच्या मांडवात

तासगाव,
३ फेब्रुवारी २०२५

ती. राहीआत्यास,
राजनंदिनीचा शि. सा. न. वि. वि.

आबांनी माझा फोन काढून घेतलाय, म्हणून पत्र. यंदा महोत्सवात ‘द्राक्षसुंदरी’ निवडणार आहेत आणि आबाच समितीचे अध्यक्ष. त्यांच्या शब्दाखातर मी नाव दिलं. परवा मापं घेतली. पंच खुर्च्यांवर बसलेले आणि एकजण आमच्या कमरा मोजून आकडे मोठ्यानं सांगत होता. माझी मैत्रीण सबीना हौसेनं आलेली. तिला रंगावरून परत पाठवलं. वर एक पंच म्हणाले, ‘काळा बेदाणा बाजूलाच काढतात.’ सगळे हसले. मी तिथंच नाव मागं घेतलं.

२३ तारखेला आम्ही मुली मांडवाच्या दारात फलक घेऊन बसणार. आबा म्हणतात, बसलीस तर घरात पाऊल टाकू नकोस. आई रडते. तुझं मत कळव, पण मी बसणार.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी राजी

सातारा,
१० फेब्रुवारी

चि. राजीस अ. उ. आ.

आमचा नाथाजी तुला घराभाईर काढणार? मला बघाय आल्ते तवा पावण्यांनी चालून दाखव म्हणलं, केस सोडाय लावलं, साडी घोट्याच्या वर घ्याय लावली. तुझा आबा तवा कॉलेजात व्हता. समद्यांम्होरं माझा हात धरून आत न्हेलं आन म्हणाला, ‘माझी भैन म्हस न्हाई.’ त्यो इसरला आसंल, मी न्हाई.

यश्टीनं येती. गुडघं दुखत्यात, सतरंजी जाड आण. आईला म्हणावं, रडू नगं, भाकरी वाढीव टाक.

जीव हायच तुज्यावर.
राहीआत्या

तासगाव,
२ मार्च

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

त्या दिवशी मांडवाच्या दारात सगळ्यांदेखत तू आबांना विचारलंस, ‘नाथाजी, आता म्हस कोण रं?’ आणि ते मान खाली घालून मांडवात गेले. तू गाडीला निघाल्यावरचं सांगते.

स्पर्धा झालीच. पण जिंकलेली मुलगी मुकुटासकट मंचावरून उतरली आणि सरळ आमच्या सतरंजीवर, सबीनाशेजारी येऊन बसली. पंचांनी माईकवरून तिला परत बोलावलं. ती बसूनच म्हणाली, ‘निवडलंत ना? आता कुठं बसायचं ते माझं मी ठरवते.’

मी घरातच आहे. आबा बोलत नाहीत, अध्यक्षपदही सोडलं नाही. नाही तर नाही. समितीच्या पुढच्या सभेला आम्ही सगळ्याजणी जाणार आहोत, बोलावणं असो वा नसो.

गुडघ्यांना तेल लाव आणि लोभात ठेव.
तुझीच राजी