माझ्या किडनीचा दुसरा रिपोर्ट

६ जानेवारी
लातूरला जाऊन आलो. डॉक्टर पंचशीला म्हणते, लघवीतून प्रोटीन जातंय. तीसच्या आत हवं, माझं चौऱ्याहत्तर. बारा वर्षांच्या शुगरचा किडनीवर परिणाम सुरू झालाय, म्हणे. मी म्हटलं, रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आहे की! तर म्हणाली, "सर, ते उशिरा बिघडतं. आधी लघवीत कळतं." निलंग्याच्या शाळेत हिला किडनीची आकृती मीच शिकवली. आता ती मला शिकवणार.
तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तेव्हाही जास्त निघालं तर कायमची गोळी, आणि लोणचं, पापड, माझी गुडघेदुखीची गोळी, सगळं बंद. संकल्प: उद्यापासून रोज पाच किलोमीटर.

७ जानेवारी
थंडी फार. उद्यापासून.

१९ जानेवारी
चाललो. एसटी स्टँडपर्यंत. तिथे आमच्या शाळेचा जुना क्लार्क बसलिंगप्पा भेटला, त्याने भजी मागवली. नाही म्हणणं बरं दिसत नाही. तीनच खाल्ली. आकाराने मोठी होती.

११ फेब्रुवारी
सिंधूने भाजीतलं मीठ कमी केलं. माझ्यासोबत स्वतःही तेच अळणी खाते, वर मला ऐकवते. दुपारी दोन तांबे पाणी पिऊन आडवी पडते. एवढं दमायला बायकोला घरात काम काय असतं?

२ एप्रिल
तपासणी जवळ आली. पाच किलोमीटर झाले नाहीत, मान्य. पण एका आकड्यावरून माणसाला पेशंट ठरवणं अशास्त्रीय आहे. मी विज्ञानाचा शिक्षक होतो, मला कळतं.
उपाय सुचला. सिंधू जन्मात दवाखान्याची पायरी चढलेली नाही, इतकी ठणठणीत.

५ एप्रिल, सकाळी साडेसहा
तिला म्हटलं, तुझीही तपासणी करून टाकू. बाटली हातात घेऊन उभीच राहिली. "माझी? तीस वर्सांत पयल्यांदा इच्यारलं तुमी." डोळ्यांना पदर लावला. एवढ्यात रडण्यासारखं काय होतं?
तिच्या बाटलीवर माझं नाव लिहून लॅबमध्ये दिली.

६ एप्रिल
विचारत होती, माझा रिपोर्ट? म्हटलं, नॉर्मल. असणारच. लगेच मुदखेडच्या बहिणीला फोन: "ह्यांनी माझी समदी तपासणी केली, काय न्हाई निघालं मला." खुशीत गुळाच्या शेवया केल्या. स्वतः दोन वाट्या खाल्ल्या.

८ एप्रिल
पाकीट न फोडताच पंचशीलापुढे ठेवलं. म्हटलं, वाच. तिने वाचलं, चष्मा काढला. "सर, दोनशे बारा."
मग बराच वेळ माझ्या किडनीबद्दल बोलली. मी मान हलवत राहिलो. गोळी लिहून दिली, माझ्या नावावर.

९ एप्रिल
लॅबचीच चूक. तरी घरच्या शुगरच्या मशीनवर सिंधूचं बोट टोचलं. उपाशीपोटी दोनशे ऐंशी. मशीन जुनं आहे. दुसरी पट्टी लावली. दोनशे त्र्याऐंशी. किती आली, म्हणाली. मी म्हटलं, ठीक आहे.

१० एप्रिल
आज सांगणार होतो. पाहुणे आले.

१७ एप्रिल
आज सांगणार होतो. तिचं डोकं दुखत होतं.

२९ एप्रिल
तिच्या चहातली साखर बंद करायला गेलो. म्हणाली, "माझा रिपोर्ट नॉर्मल हाय की." साखरेचा डबा पुन्हा तिच्यापुढे ठेवला.
भीती वाटते. हे आजवर लिहिलं नव्हतं.

१२ मे
पंचशीलाला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, "पाच आठवडे, सर? उद्या घेऊन या त्यांना."

१३ मे
सिंधूला घेऊन गेलो. पंचशीलाने तिला नीट समजावलं: शुगर बरीच आधीपासून असणार, किडनीला धक्का लागलाय, पण आता औषध घेतलं तर पुढचं पुष्कळ टाळता येईल. ती तपासणी कशी झाली ते मात्र मलाच सांगायला लावलं. सांगितलं. स्वतःची लाज वाटली.
सिंधूने किडनीचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "म्हंजी तवा तुमी माझ्यासाठी इच्यारलंच न्हवतं?"
परतताना एसटीत मी तिच्यासाठी खिडकीची जागा धरली. ती पुढे बायकांच्या सीटवर जाऊन बसली. काय बोलायचं ते औशापर्यंत मनात जुळवत होतो. निलंगा आलं तरी एक वाक्य तयार झालं नव्हतं.