खोली अस्वच्छ

१२ ऑक्टोबर, शनिवार

एकशे अठ्ठेचाळीस जण! तीन तासांत! घसा बसला, पाय सुजले. खाली खोलीत येऊन आरशात बघितलं तर चेहऱ्यावर अजून काउंटरवरचंच हसू. उतरता उतरेना.

जहाजावरच्या सफरीचा शेवटचा दिवस म्हणजे रांगेचा दिवस. सात दिवस खाऊन-पिऊन, नाचून झालं की लोकांना बिल बघायचं सुचतं. बिलात रोजची टिप आधीच लावलेली असते, माणशी. नको असेल तर काढून मिळते, पण त्यासाठी रिसेप्शनला माझ्यासमोर येऊन उभं राहावं लागतं. बरेच जण खाली बघत बोलतात. काही जण उगाच खेकसतात. लाज वाटली की माणूस ओरडतो, हे इथे येऊन कळलं.

कारण कुणी सांगत नाही. संगणक मात्र कारण घेतल्याशिवाय हलत नाही. चारच कारणं आहेत — कर्मचारी उद्धट, खोली अस्वच्छ, सेवेला उशीर, इतर. ‘इतर’ दाबलं की प्रवाशाकडून अर्ज लिहून घ्या, सही घ्या — गेली दहा मिनिटं. आणि मागे आमचे घड्याळसाहेब उभे! रिसेप्शनचे मुख्य. रांगेच्या दिवशी माणसांकडे बघतच नाहीत, नुसते स्वतःच्या मनगटाकडे बघतात. म्हणून मी सरसकट ‘खोली अस्वच्छ’ दाबते. उद्धट म्हटलं तर एखाद्या माणसाला लागेल. खोलीला काय लागणार! दाबायचं, आपला बिल्ल्यावरचा नंबर टाकायचा — एकशे सोळा — पुढचे या.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आज समुद्र खवळलेला. पोटात ढवळायला लागलं तशी काकांच्या डब्यातली आल्याची चकती चघळत बसले.

काका म्हणजे सहाव्या मजल्यावरच्या अठरा खोल्या आवरणारे. आमचं नातं-बितं काही नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी जिन्यात बसून ओकत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम. हा उंच, पिकल्या मिशांचा माणूस समोर येऊन म्हणाला, “पोरी, एका वेळी एकच काम कर.” मग पत्र्याचा एक डबा हातात दिला, वाळवलेल्या आल्याचा. तेव्हा मी त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. बाबा गेले, आईच्याने शिवण होत नाही, धाकटीच्या नर्सिंगचं अजून दीड वर्ष बाकी, आणि घरात कमावणारी मी एकटी. त्यांनी ऐकून घेतलं आणि “बरं” म्हणाले.

त्या दिवसापासून रोज दुपारी चार वाजता ते कपडे धुण्याच्या खोलीकडे जाताना माझं दार वाजवतात. दोनदा टकटक, जरा थांबून एकदा टक. “आहे का जिवंत?” — की गेले. पाठोपाठ त्यांच्या ट्रॉलीचं ते करकरणारं चाक.

माणूस मात्र बढाईखोर! “टॉवेल दुमडून पलंगावर हत्ती सगळेच करतात, माझा हत्ती बघून पोरं त्याला खायला घालतात!” बावीस वर्षं झाली त्यांना. चोवीस भरली की कंपनी एकरकमी पैसे देते. ते घेऊन घरी जायचं आणि सकाळी आठपर्यंत लोळायचं, एवढीच इच्छा. स्वतःचं अंथरूण आवरणार नाही म्हणतात, मेलो तरी.

१९ ऑक्टोबर, शनिवार

रांग. सत्त्याण्णव.

एक म्हातारं जोडपं आलं. आजी म्हणाल्या, “टिप काढा हो आमची. आम्ही त्यांच्या हातातच देणार आहोत. काय माणूस आहे! आमच्या ह्यांच्या पायाला रोज उशी लावून ठेवायचे.” सहावा मजला, म्हणजे काकाच. मला इतकं छान वाटलं! मी हसत हसत ‘खोली अस्वच्छ’ दाबलं. एकशे सोळा. पुढचे या.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

चारला टकटक झाली, पण आज काका गेले नाहीत. दारातच उभे राहिले.

“पोरी, तू तिथे बसतेस ना काउंटरला. जरा बघतेस का? माझ्या नावावर तक्रारी आहेत म्हणे. खोल्या अस्वच्छ.” आवाज नेहमीचाच. “सुपरवायझर म्हणाला, अशाच येत राहिल्या तर नऊ नोव्हेंबरला करार संपतोय, तो पुढे वाढवणार नाहीत. नेमकं काय घाण राहतं ते कळलं तर मी सुधारीन.”

मी म्हटलं, “बघते हं काका.”

दार लावलं आणि कडीही घातली.

२३ ऑक्टोबर, बुधवार

बघितलं.

आख्ख्या जहाजावर सगळ्यात जास्त ‘खोली अस्वच्छ’ काकांच्या नावावर. अडतीस! यादीत त्यांच्या खालचा माणूस अकरावर आहे.

तासभर नुसती बसले होते, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. काकांवर लोक जीव टाकतात. म्हणून बिलातली टिप काढतात, म्हणजे ती सगळ्यांत वाटली जायला नको, थेट काकांच्या हातात देता यावी! आणि काढायला येतात माझ्याकडे, कारण सहावा मजला माझ्याच काउंटरला येतो. जितका लळा, तितके शेरे. आणि अडतीसच्या अडतीस मी दाबलेले.

खोलीला काय लागणार, म्हणे!

२४ ऑक्टोबर, गुरुवार

घड्याळसाहेबांना आडून विचारलं. “साहेब, समजा कुणी घाईत चुकीचं कारण दाबलं तर?”

“एकदा झालं तर चूक. पुन्हा पुन्हा झालं तर खोटी नोंद.” मनगटावरून नजर न काढता म्हणाले. “खोट्या नोंदीला पुढच्या बंदरावर उतरायचं, बॅगेसकट. का?”

“काही नाही. सहज.”

माझ्या खोलीत राहते ती मालिशवाली. तिला जहाजावरची सगळी खबर असते. तिला विचारलं, या खोल्या आवरणाऱ्यांना तक्रारींचा कागद दाखवतात त्यात काय काय असतं? म्हणाली, “तारीख नि कारण. कुणी नोंदवलं ते नसतं.” मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की स्वतःचाच राग आला.

२६ ऑक्टोबर, शनिवार

ठरवून गेले होते — सहाव्या मजल्याचं कुणीही आलं की ‘इतर’. अर्ज, सही, काय व्हायचं ते होऊ दे.

पहिले दोघे केले. तिसऱ्याने अर्ज लिहायला चष्मा शोधला. रांग पार लिफ्टपर्यंत गेली. कुणीतरी ओरडलं, “इथे परीक्षा चालू आहे का?” साहेब पाठीशी येऊन उभे राहिले आणि घड्याळावर बोट आपटलं. दोनदा.

चौथ्यापासून पुन्हा तेच. आज काकांचे पाच.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

जे आज केलं ते लिहायचं नव्हतं. पण इथे खोटं लिहिलं तर मग कुठे खरं बोलणार!

काकांना वर मजल्यावर बघितलं. गुडघ्यांवर बसून दाराची चौकट टूथब्रशने घासत होते. हात लाल, बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या. ब्लीचचा वास लिफ्टपर्यंत येत होता. “कळलं का गं काही?” त्यांनी विचारलं.

सांगायचं होतं. तोंड उघडलंही. आणि तोंडातून आलं, “बाथरूमचं काहीतरी म्हणतात, काका. कोपऱ्यात वगैरे.”

का म्हटलं मी असं? काहीच न बोलता पळून आले असते तरी चाललं असतं! त्यांनी माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाले, “बाथरूम. बरं.”

आणि ब्रश धुऊन बाथरूममध्ये गेले.

३१ ऑक्टोबर

अठरा बाथरूम. रोज दोनदा. मालिशवाली म्हणाली, “तुझे काका येडे झालेत. फरशीच्या फटी टाचणीने कोरतायत.”

५ नोव्हेंबर, मंगळवार

आता टॉवेलचे हत्ती नाहीत, वेळच उरत नाही. एका छोट्या मुलीने काउंटरवर येऊन विचारलं, “आमच्या खोलीत हत्ती का येत नाही?”

चारला टकटक. काका दारात. बारीक झालेत. “अजून काही आठवलं तर सांग हं, पोरी,” म्हणाले. मी मान हलवली. ते थोडा वेळ थांबले, जणू मी आणखी काही बोलणार आहे. मी बुटाची लेस बांधत बसले. आधीच बांधलेली लेस.

९ नोव्हेंबर, शनिवार

काका उतरले.

करार वाढवला नाही. बावीस वर्षांची एक बॅग आणि एक छत्री. रांग चालू होती म्हणून निरोपाला जाता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तर काकाच आले! रांगेत उभे राहिले, प्रवाशांमध्ये, नंबर येईपर्यंत. साध्या शर्टात ओळखूच आले नाहीत.

काउंटरवर पत्र्याचा डबा ठेवला. काठोकाठ भरलेला. “वरच्या चकत्या आधी संपव. तळाशी आहे ते तुझ्यासाठी जपून ठेवलंय.”

“काका, मी —”

“मागे रांग आहे,” ते म्हणाले. आणि बाजूला झाले.

पुढचे या, मी म्हटलं. खरंच म्हटलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

चार वाजता करकरणारं चाक गेलं माझ्या दारावरून. मी उठून दार उघडलं. कुणी नाही. काकांच्या जागी नवी मुलगी आली आहे, तिची ट्रॉली नवी कोरी, आवाज म्हणून नाही तिला.

१३ नोव्हेंबर

टकटक — टक. मालिशवालीला विचारलं, ऐकलंस? “पाइप असतील,” म्हणाली. पाइप थांबून थांबून वाजतात का?

१६ नोव्हेंबर, शनिवार

ते म्हातारं जोडपं पुन्हा आलंय! लग्नाच्या वाढदिवसाला, मुद्दाम सहावा मजला मागून घेतला. आजींनी सगळीकडे शोधलं आणि शेवटी माझ्याकडे आल्या. “ते कुठे दिसत नाहीत?”

“घरी गेले.”

“बरं झालं बाई. थकले असतील. किती स्वच्छ ठेवायचे! आमच्या घरी सुद्धा असं नसतं.”

त्यांच्या डोळ्यांत किती माया होती. मला वाटलं, आता ह्या विचारतील, तक्रार कुणी केली? आणि मला सांगावं लागेल — आजी, तुम्ही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

ब्लीचचा वास जात नाही. आमची मोरी दोनदा घासली. कोपऱ्यात काहीतरी राहतंय असं वाटतं. मालिशवालीने माझा हात उलटा करून बघितला. “अगं, हे काय करून घेतलंस?” पेरांना चिरा. तशाच.

मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं आणि फाडलं. मग पुन्हा लिहिलं आणि पुन्हा फाडलं. धाकटीचा फोन आला, तिला पहिली रात्रपाळी लागली म्हणून हरखून गेली होती. मी म्हटलं, छान, छान. एकाच गोष्टीचा आधार आहे आता, की काकांना माहीत नाही. ते मला चांगली समजूनच गेले. हा आधार किती घाणेरडा आहे ते मला कळतं. तरी त्यालाच धरून बसले आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

वादळ. काल सकाळपासून पोटात काही ठरत नाही. चकत्यांवर चकत्या चालल्या आहेत. डबा अर्ध्याच्या खाली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

डब्याच्या तळाशी कागदाचा हत्ती होता. बोटाएवढा. सोंड वर केलेला.

उलगडला. सुपरवायझरने त्यांना दिलेला तक्रारींचा कागद. चौतीस ओळी. तारीख, खोली, ‘अस्वच्छ’, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला एकशे सोळा. एकशे सोळा. एकशे सोळा. मालिशवालीला चुकीचं माहीत होतं.

वर छापलेली तारीख सतरा ऑक्टोबर. माझ्या दारात येऊन त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते बावीसला. त्यांच्या हाताने काही लिहिलेलं नाही. दोन्ही बाजू बघितल्या, उजेडाला धरून बघितल्या.

त्यांना माहीत होतं. हा कागद साहेबांपुढे टाकला असता तर ते राहिले असते आणि मी उतरले असते. त्याऐवजी मला विचारायला आले. तीनदा. आणि मी त्यांना बाथरूम घासायला लावलं.

साडेतीन वाजलेत. साहेब चारपर्यंत जागेवर असतात. बॅग भरून ठेवली आहे. कागद हातात घेतला आहे, पुन्हा हत्ती करायला जमलं नाही.